गोदावरी परुळेकर आणि वारली चळवळ : साक्षरतेपासून लोकशिक्षणापर्यंतचा प्रवास

प्रस्तावना

पालघर येथे १४ ऑगस्ट १९४२ रोजी झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. सातपाटी, नांदगाव, मुरबे, सालवड आणि खुद्द पालघर ही त्यांची गावे. पालघर व बोईसर-तारापूर परिसरातील शाळकरी मुलांनाही ही घटना ठाऊक असते आणि दरवर्षी हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. या घटनेला पाच वर्षे पूर्ण होण्याच्या आतच, जानेवारी १९४७ मध्ये, त्याच पालघर तालुक्याच्या पूर्व भागातील नानिवली येथे पोलिसांच्या गोळीबारात वारली शेतमजूर मारले गेले. या दुसऱ्या घटनेची आठवण तालुक्याच्या सार्वजनिक जीवनात त्या मानाने फारच क्षीण आहे. पहिल्या घटनेला राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात निश्चित स्थान मिळाले, तर दुसरी एका पक्षाच्या इतिहासात जमा झाली, हे त्यामागील एक कारण असावे. रेल्वेमार्गाच्या पश्चिमेकडील बंदरपट्टी आणि पूर्वेकडील जंगलपट्टी यांच्यातील सामाजिक अंतर हे दुसरे आणि कदाचित अधिक खोलवरचे कारण होय.

नानिवलीची घटना ज्या चळवळीचा भाग होती, तिच्या उभारणीत गोदावरी शामराव परुळेकर (१४ ऑगस्ट १९०७ - ८ ऑक्टोबर १९९६) यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या चरित्राची मांडणी बहुधा दोन तुकड्यांत केली जाते. साक्षरता प्रसार व समाजसेवा हा पहिला तुकडा आणि कम्युनिस्ट पक्ष व किसान सभेचे कार्य हा दुसरा. पहिल्यात त्या शिक्षणकार्य करणाऱ्या सुशिक्षित महिला ठरतात, दुसऱ्यात राजकीय नेत्या. ही विभागणी सोयीची असली तरी ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात प्रत्यक्ष जे घडले त्याच्याशी ती जुळत नाही. वारली चळवळ ही वेठबिगारीविरुद्धची लढाई होती, त्याचबरोबर ती प्रौढांच्या शिक्षणाचाही एक प्रयोग होती, ही बाजू प्रस्तुत लेखात तपासली आहे.

जन्म, शिक्षण व सार्वजनिक जीवनाचा आरंभ

गोदावरीबाईंचा जन्म पुण्यातील सधन व सुशिक्षित गोखले कुटुंबात झाला. वडील नामांकित वकील होते आणि नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी या घराण्याचे नाते होते. घरातील वातावरण नेमस्त उदारमतवादाचे होते. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर त्यांनी कायद्याचे शिक्षण पूर्ण केले. महाराष्ट्रातील अगदी पहिल्या महिला विधी-पदवीधरांत त्यांची गणना होते. त्या काळी मुलीने वकिलीचे शिक्षण घेणे ही घराला भूषणावह गोष्ट होती. त्याच मुलीने सत्याग्रह करून तुरुंगात जाणे मात्र नेमस्त वडिलांना मानवणारे नव्हते. १९३२ च्या सुमारास गोदावरीबाईंना कारावास घडला, वडिलांशी मतभेद झाले आणि त्या पुणे सोडून मुंबईस आल्या.

मुंबईत त्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीच्या, म्हणजेच भारत सेवक समाजाच्या, कार्यात सहभागी झाल्या. गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या या संस्थेच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य मानल्या जातात. वडिलांचे घर ज्या विचारांवर उभे होते त्याच विचारांच्या संस्थेत त्या घर सोडून दाखल झाल्या, ही गोष्ट मोठी लक्षणीय आहे. बंड केले ते घरातील विचाराविरुद्ध नव्हते; त्या विचाराने स्वतःला घालून घेतलेल्या मर्यादेविरुद्ध होते, असे म्हणता येईल.

१९३७ मध्ये प्रांतिक स्वायत्ततेनुसार मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि प्रौढ साक्षरतेच्या कार्याला वेग आला. १९३७-३८ या काळात गोदावरीबाईंनी मुंबईत साक्षरता प्रसाराची मोहीम संघटित केली. याच सुमारास, १९३८ मध्ये, त्यांनी मुंबईतील घरगड्यांची संघटना उभारण्याचा प्रयत्न केला. ही दोन्ही कामे एकाच वेळी चालली होती याकडे चरित्रकारांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. रात्रीच्या वर्गाला येणारा प्रौढ माणूस दिवसभर कोणाच्या तरी घरी वा गिरणीत राबलेला असतो. त्याच्या कामाचे तास, त्याचा पगार, त्याची सुट्टी हे प्रश्न वर्गाच्या दाराबाहेर ठेवून त्याला बाराखडी शिकविता येते, परंतु तो उद्याही वर्गाला येऊ शकेल काय याचे उत्तर त्या प्रश्नांवरच अवलंबून असते.

सोसायटीतील सहकारी शामराव परुळेकर यांच्याशी त्यांचा विवाह १९३९ मध्ये झाला. शामराव १९३७ च्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मुंबई विधानसभेवर निवडून आले होते आणि जानेवारी १९३८ मध्ये खोतीविरोधी शेतकऱ्यांचा जो मोर्चा मुंबईत निघाला, त्याच्या संघटकांत ते होते. १९३९ मध्येच या दांपत्याने कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला आणि सोसायटीशी असलेला त्यांचा संबंध संपला. युद्धविरोधी प्रचाराबद्दल १९४० ते १९४२ या काळात दोघांनाही कारावास भोगावा लागला. सुटकेनंतर त्यांनी ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्यांत कार्य सुरू केले आणि जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेचे स्थापना अधिवेशन भरले. उंबरगाव तालुक्यातील काही वारली या अधिवेशनास आले होते. येथून गोदावरीबाईंच्या जीवनाची दिशा बदलली.

जंगलपट्टीतील समाजस्थिती

आजचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. चळवळीच्या काळात हा सर्व प्रदेश ठाणे जिल्ह्यात होता. तारापूरची अणुवीज केंद्रे आणि बोईसरची औद्योगिक वसाहत ही १९६० नंतरची निर्मिती. त्यापूर्वी या भागाचे अर्थकारण भातशेती, बागायत, मासेमारी, मिठागरे, जंगलातील लाकूड व गवत यांवर चालत असे. मुंबईतील गोठ्यांना आणि तबेल्यांना लागणारे गवत मोठ्या प्रमाणावर याच पट्ट्यातून रेल्वेने जात असे. पूर्वेकडील जमिनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून क्रमाक्रमाने सावकार, जमीनदार आणि दारूचे व जंगलाचे ठेकेदार यांच्या हाती गेल्या, आणि ज्या वारल्यांनी त्या कसल्या होत्या ते त्याच जमिनीवर कूळ वा मजूर बनले.

पावसाळ्यात घरातील धान्य संपले की कुळाने जमीनदाराकडून 'खावटी' घ्यायची आणि पीक हाती येताच ती वाढीव मापाने फेडायची, अशी रीत होती. खंड धान्यात द्यावा लागे. त्याखेरीज जमीनदाराच्या खाजगी शेतावर स्वतःचे बैल व नांगर नेऊन विनामूल्य राबणे, गवत कापणे, लाकडे तोडणे, ओझी वाहणे ही सर्व वेठ. नकार दिल्यास मारहाण ठरलेली. 'लग्नगडी' ही या पद्धतीची अत्यंत क्रूर अवस्था होती. लग्नाच्या खर्चासाठी काही रुपये उसने घेणारा तरुण ते फिटेपर्यंत धनकोचा गडी बनत असे. लग्न होऊन आलेली पत्नीही त्याच्याबरोबर त्या घरी राबत असे. हिशेब ठेवणारा धनकोच असल्यामुळे कर्ज कधी फिटत नसे. नवरा गडी, म्हणून बायको धन्याच्या इच्छेवर, हे ओघाने आलेच.

ही परिस्थिती सरकारला अज्ञात नव्हती. मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी आदिवासी व डोंगरी जमातींविषयीच्या आपल्या अहवालात वेठबिगारीचे वर्णन केले होते आणि तो अहवाल १९३९ मध्ये प्रसिद्धही झाला होता. १९४० मध्ये बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने आदिवासी सेवा मंडळ स्थापन होऊन आश्रमशाळा व वैद्यकीय मदतीचे कार्य सुरू झाले. अर्थात माहितीचा अभाव हे वेठबिगारी टिकून राहण्याचे कारण नव्हते. किसान सभा येण्यापूर्वीही वारल्यांनी मजुरीच्या प्रश्नावर काम बंद ठेवण्याचा प्रयत्न करून पाहिला होता. ही बाब महत्त्वाची आहे, कारण पुढे ज्याला 'जागृती' म्हटले गेले तिची सुरुवात बाहेरून आलेल्या व्यक्तीने केली असे मानण्याचा मोह अभ्यासकाला होतो.

झरी ते तलवाडा

२३ मे १९४५ रोजी झरी (तत्कालीन उंबरगाव, आताचा तलासरी तालुका) येथे वारल्यांची परिषद भरली. सुमारे पाच हजार आदिवासी तेथे जमले. त्यापूर्वीचे काही महिने गोदावरीबाई पायी पाड्यापाड्यांतून हिंडल्या होत्या, वारल्यांच्या झोपड्यांत राहिल्या होत्या, त्यांचेच अन्न खाऊन व त्यांची बोली ऐकून ती समजावून घेत होत्या. पांढरपेशा माणूस म्हणजे जमीनदाराचा, जंगलखात्याचा किंवा पोलिसांचा, असाच वारल्यांचा तोवरचा अनुभव होता. त्यामुळे विश्वास मिळविणे हेच पहिले काम होते. पुढे वारल्यांनी त्यांना 'गोदाराणी' हे नाव दिले.

झरीच्या परिषदेतील निर्णय मोजके होते. रोख मजुरी मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या खाजगी शेतावर कोणी कामास जाऊ नये; मजुरी दिवसाला १२ आणे असावी; वेठ करू नये; मारहाण झाल्यास सहन करू नये; सर्वांनी एकजुटीने राहावे. परिषदेनंतर हे निर्णय लाल बावट्यासह गावोगाव पोचले. वारल्यांनी वेठीला जाणे थांबविले आणि लग्नगड्यांना धन्याच्या घरून सोडवून आणण्यास प्रारंभ झाला. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पद्धती काही आठवड्यांत खिळखिळी झाली.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर गवतकापणीचा हंगाम आला, तेव्हा मागणी अधिक नेमकी झाली : ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये. इतिहासकारांनी या मागणीकडे मजुरीचा दर म्हणून पाहिले आहे आणि ते योग्यच आहे. तथापि तिचे स्वरूप जरा थांबून पाहण्यासारखे आहे. धन्याने देईल ते घ्यायचे, कधी मूठभर धान्य तर कधी तेही नाही, अशा व्यवस्थेत वाढलेला माणूस येथे वजन, काम आणि रोख रक्कम या तिन्हींचा परस्परांशी संबंध जोडून मागणी करतो आहे. ही मागणी करण्यासाठी त्याला वजन म्हणजे काय, काटा कोणाच्या हातात आहे, शंभर पौंड आणि पाचशे पौंड यांत किती अंतर आहे, हे समजणे आवश्यक होते. बैठकांतून, पाड्यांवरील रात्रीच्या चर्चांतून हे समजले. पाटी-पेन्सिल तेथे नव्हती. परंतु मुंबईच्या साक्षरता वर्गात जे साध्य व्हावे अशी अपेक्षा होती, म्हणजे माणसाने आपल्या व्यवहाराचा हिशेब स्वतः ठेवावा, ते या गवताच्या संपात साध्य होत होते.

गोदावरीबाईंच्या कायद्याच्या शिक्षणाचा उपयोग कोठे झाला, असा प्रश्न विचारला जातो. न्यायालयात त्यांनी नाव कमावले नाही. पण दर किती, माप कोणते, कर्ज केव्हा घेतले, किती फेडले, अंगठा कशावर उठविला, हे प्रश्न विचारण्याची सवय ही वकिलाची सवय आहे. ती त्यांनी पाड्यांवर नेली असे त्यांच्या कार्यपद्धतीवरून दिसते.

संपाला प्रत्युत्तर लवकरच मिळाले. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, त्यांच्या रक्षणासाठी तलवाडा येथे जमा, असा खोटा निरोप पसरविला गेला आणि हजारो वारली तेथे गोळा झाले. १० व ११ ऑक्टोबर १९४५ रोजी पोलिसांनी या जमावावर गोळीबार केला. त्यात पाच जण मरण पावले. जेठ्या गांगड हे त्यांतील एक. ज्या व्यक्तीसाठी लोक जमले होते ती व्यक्ती तेथे नव्हतीच. खोट्या निरोपावर हजारो माणसे रातोरात एकत्र येतात, ही गोष्ट एकीकडे गोदावरीबाईंवरील निष्ठेचे द्योतक आहे; दुसरीकडे, एखाद्या नेत्यावरील निष्ठा किती सहजपणे लोकांच्याच विरुद्ध वापरता येते याचेही ते उदाहरण आहे. पक्षाच्या लेखनात पहिल्या बाजूवर भर आहे. दुसरी बाजू अभ्यासकांनी अधिक तपासावी अशी आहे. गोळीबारानंतरही संप मोडला नाही आणि गवतकापणीचा दर जमीनदारांना मान्य करावा लागला.

१९४६ मध्ये लढ्याचे क्षेत्र शेतीकडून जंगलाकडे सरकले. कुपांतील लाकूडतोडीसाठी दिवसाला सव्वा रुपया मजुरी मिळावी ही मागणी घेऊन वारली मजूर संपावर गेले. या वेळेपर्यंत प्रांतात पुन्हा खेर मंत्रिमंडळ आले होते. परुळेकर दांपत्यावर जिल्हाबंदीचे हुकूम बजावले गेले, कार्यकर्त्यांची धरपकड झाली. जानेवारी १९४७ चा नानिवलीचा गोळीबार या दडपशाहीच्या काळातील आहे. देश स्वतंत्र होण्यास त्या वेळी सात-आठ महिने उरले होते.

बोर्डी आणि झरी

झरीची परिषद आणि तलवाड्याचा गोळीबार ज्या वर्षी झाला, त्याच वर्षाच्या अखेरीस, २४ डिसेंबर १९४५ रोजी, जवळच्याच बोर्डी या किनाऱ्यावरील गावी ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राची स्थापना केली. ताराबाई (१८९२-१९७३) याही मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. राजकोट येथील महिला अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषवून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालशिक्षणाचे कार्य करू लागल्या आणि नूतन बालशिक्षण संघाच्या द्वारे त्यांनी ते महाराष्ट्रात आणले. बोर्डीत त्यांना अनुताई वाघ (१९१०-१९९२) यांच्यासारखी सहकारी लाभली. म्हणजे एकाच वर्षी, काही मैलांच्या अंतरात, शहरात उच्च शिक्षण घेतलेल्या दोन महिलांनी आपले कार्यक्षेत्र म्हणून हाच भाग निवडला. या दोघींचा एकत्रित विचार क्वचितच केला गेला आहे. एकीचे नाव शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत आढळते, दुसरीचे शेतकरी चळवळीच्या.

ताराबाईंना बोर्डीत पहिली अडचण आली ती मुले शाळेत न येण्याची. ती सोडविण्यासाठी बालवाडी मुलांच्या वस्तीत, घराच्या अंगणात नेण्यात आली. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हलविल्यानंतर गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही चालविण्यात आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला, त्यामागे या परिसरातील प्रयोग होता. पण मूल गुरांमागे का जात होते? ज्या घरातील बाप दुसऱ्याच्या शेतावर वेठीला, आई त्याच्याबरोबर, त्या घरातील पाच-सहा वर्षांचे मूल गुरे राखणार किंवा धाकट्या भावंडाला सांभाळणार. ताराबाईंनी या मुलापर्यंत शाळा नेली. गोदावरीबाईंनी त्याच्या बापाच्या मजुरीचा दर ठरविला. दोन्ही कामे एकाच घरात येऊन मिळतात.

राजकारणाच्या बाबतीत मात्र दोघींच्या वाटा अगदी उलट गेल्या. ताराबाई १९४६ ते १९५१ या काळात मुंबई विधानसभेच्या काँग्रेस सदस्या होत्या. म्हणजे ज्या सरकारच्या काळात परुळेकरांवर जिल्हाबंदी लादली गेली त्या सरकारच्या बाकांवर. गोदावरीबाई कधीही आमदार वा खासदार झाल्या नाहीत. शामराव १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ठाण्यातून लोकसभेवर गेले, परंतु गोदावरीबाईंचे राजकारण पक्ष, किसान सभा आणि पाडा यांच्यातच राहिले. बालशिक्षणाच्या क्षेत्रातील महिला सत्ताधारी बाकांवर आणि कायद्याची पदवीधर महिला जिल्ह्याबाहेर हद्दपार, ही स्थिती पाहिल्यानंतर 'शैक्षणिक कार्य' व 'राजकीय कार्य' ही लेबले किती अपुरी आहेत हे ध्यानात येते.

'जेव्हा माणूस जागा होतो'

१९६२ नंतरच्या काळात परुळेकर दांपत्याला पुन्हा दीर्घ स्थानबद्धता भोगावी लागली. १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्ष दुभंगला, तेव्हा त्यांनी मार्क्सवादी पक्षाची बाजू घेतली. १९६५ मध्ये शामरावांचे स्थानबद्धतेतच निधन झाले. आपल्या तुरुंगवासाविषयी गोदावरीबाईंनी पुढे 'बंदिवासाची आठ वर्षे' हे पुस्तक लिहिले. तत्पूर्वी १९७० मध्ये त्यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' प्रसिद्ध झाले होते. १९७२ मध्ये या ग्रंथास साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि विविध भाषांत त्याची भाषांतरे झाली.

मराठी साहित्यात या पुस्तकाची नोंद आत्मकथन म्हणून होते. वस्तुतः त्यात लेखिकेच्या खाजगी जीवनाला फार कमी जागा आहे. माणसे, पाडे, बैठका आणि वेठीचे प्रकार हाच त्याचा विषय आहे. इतिहासाचे साधन म्हणून त्याचा उपयोग करताना दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. एक म्हणजे घटनांनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, एका निश्चित राजकीय भूमिकेतून ते लिहिलेले आहे. दुसरे, वारली स्त्री-पुरुषांचे बोलणे त्यात लेखिकेच्या लेखणीतून येते. त्यांनी स्वतः लिहिलेला समकालीन वृत्तांत नाही. शीर्षकातील 'जागा होतो' या शब्दांतही आधी माणूस झोपलेला होता असे गृहीत आहे, आणि वर उल्लेखिलेल्या आधीच्या प्रयत्नांकडे पाहता ते पूर्णतः स्वीकारता येत नाही. असे असले तरी त्या काळातील जंगलपट्टीच्या दैनंदिन जीवनाचे इतके तपशीलवार चित्रण अन्यत्र मिळणे कठीण आहे. शासकीय अहवालांत वेठ ही 'प्रथा' असते; येथे ती एका विशिष्ट माणसाच्या पाठीवर येते.

पुन्हा शाळेकडे

स्वातंत्र्यानंतर वेठबिगारीच्या जागी जमिनीचा प्रश्न आला. १९४८ च्या कूळकायद्याने आणि त्याच्या पुढील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी प्रत्यक्ष कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले जाणार होते. कायदा कुळाच्या बाजूचा होता, परंतु तो लागू होण्यासाठी कूळ म्हणून नोंद असावी लागे. सातबाऱ्यावरील पीकपाहणीत कोणाचे नाव आहे, तलाठ्याने ते केव्हा लिहिले, खंडाची पावती आहे काय, यावर सारे अवलंबून होते. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या वारल्याकडे यांपैकी काहीच नसे, आणि असले तरी ते वाचता येत नसे. गवताच्या संपात जो हिशेब तोंडी मांडता आला, तो तहसील कचेरीत कागदावर मांडावा लागत होता. अक्षरओळखीवाचून १९४५ ची लढाई जिंकता आली. १९५७ नंतरची जिंकता येत नव्हती.

या पार्श्वभूमीवर १९६१ मध्ये तलासरी येथे आदिवासी प्रगती मंडळाची झालेली स्थापना पाहिली पाहिजे. परुळेकर दांपत्य आणि त्यांचे आदिवासी सहकारी यांनी स्थापलेल्या या संस्थेने आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह व शाळा यांचे कार्य हाती घेतले. १९३८ मध्ये मुंबईत साक्षरतेचे वर्ग चालविणारी कार्यकर्ती तेवीस वर्षांनी पुन्हा शाळेकडे वळली, असे वरवर दिसते. फरक इतकाच की, या वेळी शाळेची मागणी करणारे लोक आधी संघटित झालेले होते आणि मुलांना शाळेत पाठविण्याइतपत वेळ व मजुरी त्यांनी स्वतः मिळविली होती. याच पिढीतील लहानू शिडवा कोम १९७७ मध्ये मार्क्सवादी पक्षाच्या वतीने डहाणू मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले.

चळवळीचा हा वारसा निर्विवाद नव्हता. १९७० नंतर पालघर तालुक्यात भूमिसेनेने जमिनीचा प्रश्न स्वतंत्रपणे हाती घेतला आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस डहाणू भागात कष्टकरी संघटना उभी राहिली. लाल बावट्याच्या पक्षाने आदिवासी नेतृत्वाला कितपत वाव दिला, हा प्रश्न त्या निमित्ताने वारंवार चर्चिला गेला. त्याच सुमारास बोईसरच्या कारखान्यांत पूर्वेकडील पाड्यांतून कंत्राटी मजूर येऊ लागले होते आणि रोजाचा दर कोण ठरविणार, हा झरीच्या परिषदेतील प्रश्न त्यांच्यापुढेही होता. त्याचा स्वतंत्र अभ्यास होण्याची गरज आहे.

१९८६ मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, गोदावरीबाईंकडे अखिल भारतीय किसान सभेचे अध्यक्षपद आले. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी, तलवाड्याच्या स्मृतिदिनाला दोन दिवस उरले असताना, त्यांचे निधन झाले. आदिवासी प्रगती मंडळाच्या तलासरी येथील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयास त्यांचे नाव देण्यात आले आहे. झरी हे गाव त्याच तालुक्यात आहे.